नाकारलेला सहावा भाग

आमचे साहेब पुस्तक वाचत नसत, तपासत. कारखान्यात शाफ्ट आणि बुश असले यंत्रांचे भाग तपासायचे, अगदी तसंच. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात एका टोकाला निळी आणि दुसऱ्या टोकाला लाल अशी पेन्सिल, आणि शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. पुस्तकाला पट्टी कशाला लागते, असं मी एकदा विचारलं. "ओळ वाकडी छापलेली असली तर कळायला नको काय?" म्हणाले. वाकडी ओळ सापडली की खूश व्हायचे. कॅन्टीनमधल्या वड्याचं भोकसुद्धा त्यांनी दोनदा मोजलं होतं आणि दोन्ही मापं वेगळी आली म्हणून वाढणाऱ्या बाईंना लेखी कळवलं होतं.

कन्नड मुलखातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते आणि मी पुण्याहून नुकतीच आलेली इंजिनिअर. त्यांनी माझं नावच 'पुणे' ठेवलं. "ए पुणे, तो मायक्रोमीटर आण." "पुणे, जेवलीस काय?" त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी या गावात आलेलं. "आमचे लोक घोड्यावरून आले, तू स्लीपर बसनं आलीस, स्वल्पच फरक," असं ते म्हणत. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम. पहिले दोन महिने मला त्यांचा राग पूर्ण कळतच नसे, आणि त्यामुळे मी टिकले.

त्यांचं एक वाक्य सगळ्या पीण्यात माहीत होतं: "आधी शून्य बघ." मायक्रोमीटर पूर्ण मिटला की त्याचा आकडा शून्यावर यायला हवा. तो आला नाही तर पुढचं प्रत्येक माप खोटं. म्हणून मोजण्याआधी आपलं साधन तपासायचं, समोरची वस्तू नंतर. हे ते इतक्यांदा सांगत की आमच्यातले काहीजण झोपेतही बरळत असावेत.

आणि त्यांनी घातलेला एक नियम होता, जो मी इतर कुठल्याही कारखान्यात पाहिला नाही. तपासणाऱ्याने चांगला जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग, चुकून नाकारला, त्याला लाल टॅग लावला, तर त्याने तो जॉब स्वतःच्या हाताने उचलून ज्या कामगाराने केला त्याच्या मशीनपाशी परत न्यायचा. जेवणाच्या सुट्टीत नाही, शिफ्ट चालू असताना. आणि आजूबाजूच्यांना ऐकू येईल असं सांगायचं, "जॉब बरोबर आहे, माझं माप चुकलं." मला हे एकदा करावं लागलं. तीस पावलांचं अंतर मी दोनदा थांबून कापलं. परत आल्यावर साहेब म्हणाले, "आता तो माणूस उद्यापण नीट काम करेल. नाहीतर त्याचा हात बिचकत राहिला असता." इतकंच बोलून ते आपल्या कामाला लागले.

अशा माणसाच्या हातात काळ्या एल्फांच्या गोष्टी कशा आल्या, हे सांगायला हवं. त्यांची मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिच्या कपाटात आठ जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका राहिली. एल्फ म्हणजे आपल्याकडच्या यक्षांचे टोकदार कानांचे चुलतभाऊ समजा. त्यातले हे काळे, जमिनीखालच्या नगरात राहणारे, पिढ्यान्‌पिढ्या सूर्य न पाहिलेले, आणि वरच्या जगात बदनाम. साहेब राहत त्या बनशंकरीहून पीण्याला मेट्रो थेट जाते, चांगला वेळ मिळतो. मुलीची आठवण आली म्हणून साहेबांनी पहिला भाग सोबत घेतला आणि अडकले. "खालच्या नगराचा दरवाजा कसा बसवलाय, बिजागरीसकट लिहिलंय," ते मला म्हणाले. "खोटं जग आहे, पण फिटिंग खरं आहे."

प्रत्येक भाग संपला की ते त्याचा तपासणी अहवाल लिहीत. कारखान्याचाच नमुना, फक्त रकाने बदललेले. पात्रं: स्वीकार. लढाया: जास्तीचा माल, कापून काढावा. तिसऱ्या भागातली राणी: दोषासकट, सवलतीवर स्वीकार. हे अहवाल ते वाचकांच्या एका संकेतस्थळावर इंग्रजीत टाकत आणि तिथे त्यांचं मोठं नाव झालं होतं. कुठल्या कुठल्या देशांतली मुलं त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणून विचारायची, हा भाग घ्यावा का. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. चहाच्या वेळी मी इतर विभागांतल्या लोकांना मोबाईलवर ते अहवाल दाखवत फिरायचे, जणू मीच लिहिलेत.

साडीवाले काका त्यांना मेट्रोतच भेटले. चिकपेटेत त्यांचं पिढीजात साड्यांचं दुकान. तेही इथलेच जुने मराठी. संध्याकाळी चिकपेटेला डब्यात चढले, साहेबांच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि शेजारी बसून म्हणाले, "ह्यात पुढं ती आई मरते बघा." साहेबांनी दुसरा भाग रागानं मिटला आणि बनशंकरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच डब्यात त्यांच्यासाठी जागा धरून बसले. काका त्यांना 'अण्णा' म्हणू लागले, ते काकांना 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ.

काका दहावीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेले, पुढे थेट गादीवर. मुलानं अर्धवट सोडलेली ही मालिका त्यांनी दुपारच्या सुस्त वेळात उघडली होती. एक पान वाचायला त्यांना पाच मिनिटं लागत. शब्द अडला की तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवत आणि कॉलेजातल्या गिऱ्हाइकांना विचारत. साडीची घडी मोडता मोडता "अम्मा, 'ट्रेचरस' म्हणजे काय हो?" असं एखाद्या नवरीला विचारणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

मग रविवारी सकाळी साहेबांच्या घरी बैठक सुरू झाली. साहेब, काका, मी आणि साहेबांच्या शेजारच्या वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम. मॅडमचं मत होतं की एवढं मोठं नगर नुसत्या आळंब्यांवर जगूच शकत नाही आणि लेखकानं निदान शेवाळ तरी लावायला हवं होतं. मला त्यातला धाकटा राजपुत्र आवडायचा, तर साहेब म्हणायचे, "तो कामचोर आहे, म्हणून तुला आवडतो." 'छान', 'मस्त' असं म्हणायला बंदी. असं कुणी म्हटलं की साहेब विचारत, "किती छान? कुठून कुठपर्यंत?"

सगळ्यात वेगळं बोलत ते काका. एकदा मॅडम म्हणाल्या, सगळी वाईट माणसं काळीच का दाखवायची? काकांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, दुकानात येऊन 'काळी साडी दाखवा' म्हणतात ना, मी विचारतो, कुठली काळी? जांभळ्याकडे जाणारी, निळ्याकडे, तपकिरीकडे? आमच्याकडे काळ्याचे अकरा गठ्ठे आहेत. वरून बघणाऱ्याला सगळं एक दिसतं. हा लेखक खाली उतरून बघतो म्हणून मी वाचतो." साहेबांनी ते वाक्य अहवालाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाक्य लिहून घेतलेलं मी तेव्हाच पाहिलं.

आणि याच माणसाचं वाचणं साहेबांनी बंद पाडलं.

सहाव्या भागाची बैठक होती. या भागात नायिकेची थोरली बहीण, जी नगराच्या दरवाजावर पहारा देते, मध्येच नाहीशी होते आणि पुढे सगळे ती मेली असं धरून चालतात. साहेबांनी अहवाल वाचला: "कथानकात मोठं भोक. बहीण कशी मेली याचा पत्ता नाही. रिजेक्ट." हाच अहवाल त्यांनी आदल्या रात्री संकेतस्थळावर टाकला होता आणि तिथे ढीगभर लोकांनी माना डोलावल्या होत्या.

काका म्हणाले, "पण अण्णा, ती परत येते की. दरवाजावरचा दिवा विझवायला. म्हणजे धाकटीला अंधारातून पळता यावं म्हणून. मग तिला पकडतात. तिथं मी रडलो."

"असं कुठं आहे?"

"आहे हो. त्या प्रकरणात."

"असं प्रकरणच नाही, तम्मा. मी ओळ न् ओळ बघितली आहे." साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, असं काही आठवत नाही. मी तर चौथ्या भागातच होते, पण बैठकीत तसं कबूल करायची लाज वाटली, म्हणून मीही मान हलवली. साहेब हसून काकांना म्हणाले, "बेटा, गोष्ट तू चांगली रचलीस. पण आपण छापलेल्यावर बोलायचं, सरी? ठीक?"

काकांचा चेहरा उतरला. "माझं इंग्रजी कच्चं," ते म्हणाले. "मीच काहीतरी घातलं असेन." त्यांनी कॉफी संपवली, पेला उपडा ठेवला आणि वेळेआधी निघाले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मेट्रोत डबा बदलला असावा, कारण साहेब जागा धरून बसत आणि बनशंकरीला रिकाम्या जागेवरची पिशवी उचलून उतरत. "लग्नसराई असेल," ते म्हणायचे. त्यांना काही चुकलंय असं वाटतच नव्हतं.

महिन्याभरानं मी आईसाठी साडी घ्यायला काकांच्या दुकानात गेले. त्यांनी मनापासून साड्या दाखवल्या, पुस्तकांबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटी मीच विचारलं. "तो सगळा संच जुन्या पुस्तकवाल्याला दिला," ते म्हणाले. मी म्हटलं, देण्याआधी ते प्रकरण पुन्हा उघडून बघायचं ना. ते साडीची किनार बोटात धरून उभे राहिले. "बघितलं नाही. भीती वाटली. समजा पुन्हा तेच दिसलं असतं तर? म्हणजे मला जे दिसतं ते तिथं नसतंच, असं झालं की. आमचा मुलगा म्हणतोच, अप्पा, तुम्ही पुस्तक वाचत नाही, मनातली गोष्ट सांगता." शेजारी बसलेला मुलगा हिशोबाच्या स्क्रीनवरून मान वर न करता हसला. "आता साकु, पुरे झालं," काका म्हणाले. "ह्या वयात कशाला ते."

ते ऐकून मला स्वतःचीच चीड आली. न वाचता मान हलवणारी मी, आणि वाचून गप्प बसणारे ते. घरी येताना मेट्रोतच मी मोबाईलवर सहावा भाग विकत घेतला आणि मधले सगळे सोडून थेट तो वाचायला लागले. वाचताना तिसऱ्या दिवशी बहीण परत आली. दरवाजावर चढली. दिवा विझवला. काकांनी सांगितलं होतं तसंच्या तसं, फक्त त्यांनी सांगितलं होतं त्याहून लांब.

सकाळी मी तपासणीच्या खोलीत साहेबांच्या टेबलावर मोबाईल ठेवला. त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पिशवीतून स्वतःचा सहावा भाग काढला, कारण काकांची जागा धरायच्या त्या पिशवीतून तो अजून रोज मेट्रोत फिरत होता. तीनशे अडुसष्ट पानावर एक प्रकरण संपत होतं. समोरचं पान होतं तीनशे पंच्याऐंशी. बांधणीत सोळा पानं आलीच नव्हती. नेमकं एक अख्खं प्रकरण गेलं होतं, त्यामुळे ना वाक्य तुटलं होतं ना शब्द. खिशात पट्टी घेऊन फिरणाऱ्या आणि ओळीचा वाकडेपणा पकडणाऱ्या माणसानं पानांचे आकडे पाहिले नव्हते.

मला वाटलं होतं ते छापखान्यावर चिडतील. त्यांनी पुस्तकाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "शून्य बघितलं नाही मी," म्हणाले. "साधन माझं खोटं, आणि लाल टॅग त्याला लावला." मग ड्रॉवरमधून खरोखरचा लाल टॅग काढला, दोष लिहिला, तपासणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं आणि तो पुस्तकाला दोऱ्यानं बांधला.

संकेतस्थळावर त्यांनी त्याच दुपारी अहवाल मागे घेतला. खाली मान डोलावलेल्या प्रत्येकाला विचारलं, तुमच्याही प्रतीत ती पानं नव्हती का? बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं लिहिलं, पानं होती, मी वाचलीही होती, पण तुम्ही नाही म्हणालात म्हणून मला वाटलं विसरलो. साहेबांनी ते मला वाचून दाखवलं आणि जेवणाचा डबा न उघडता बाजूला सारला. मॅडमनी रविवारी कबूल केलं की दरवाजे, पहारे आणि लढाया दिसल्या की त्या पानं उलटतात. माझी कबुली मी आधीच दिली होती.

"काकांना फोन करा," मी म्हटलं.

"फोन कशाला? नाकारलं ते सगळ्यांसमोर. परत पण सगळ्यांसमोर." त्यांनी नवी प्रत मागवली, आल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पान बोटानं मोजलं आणि मला म्हणाले, "शनिवारी चल. त्यांची शिफ्ट चालू असते."

लग्नसराईतला शनिवार. चिकपेटेत पाय ठेवायला जागा नव्हती. काकांच्या दुकानात दोन लग्नघरची माणसं पांढऱ्या गादीवर बसलेली, मध्ये साड्यांचा ढीग, काका एक पदर हातावर पसरून दाखवत होते. मुलगा स्क्रीनपाशी होता. साहेबांनी चपला बाहेर काढल्या, टॅग बांधलेलं जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक दोन्ही हातांत धरली आणि गादीच्या कडेला उभे राहिले. सगळ्यांना कळावं म्हणून ते कन्नडमध्ये बोलले. त्याचं मराठी असं होईल: "मी तपासणीच्या कामात एकतीस वर्षं आहे. या माणसानं हे पुस्तक बरोबर वाचलं होतं. माझ्या पुस्तकात सोळा पानं कमी होती आणि मी चार माणसांत त्यांना खोटं पाडलं. त्यांचं वाचणं बरोबर आहे. माझं माप चुकलं."

एका आजींनी शेजारणीला हळूच विचारलं, पोथीबद्दल चाललंय का. मुलगा उठून उभा राहिला होता. काका पदर तसाच हातावर घेऊन बघत राहिले, आणि मला भीती वाटली की त्यांना लाजच वाटेल, एवढ्या गिऱ्हाइकांत हे काय म्हणून.

"म्हणजे ती परत येते?" त्यांनी मराठीत विचारलं.

"येते, तम्मा."

"दिवा विझवते?"

"विझवते. सोळा पानं आहेत. मी काल वाचली."

काकांनी पदर खाली ठेवला. डोळे पुसले नाहीत. "मग मी रडलो ते बरोबर होतं," ते म्हणाले.

मी आजवर बऱ्याच हुशार माणसांच्या हाताखाली काम केलं आहे. साहेबांपेक्षा शिकलेले, मोठ्या पदांवरचे. पण चूक इतकी सरळ उचलून, गर्दीतून वाट काढत, ज्याची त्याला पोचवणारा दुसरा कुणी मला भेटला नाही. त्या दिवशी मी त्यांच्या चपलांपाशी उभी होते आणि मला वाटत होतं, या माणसानं मला 'पुणे' म्हणून हाक मारावी आणि ती सगळ्या चिकपेटेनं ऐकावी.

साहेब आता निवृत्त होऊन मुलीकडे असतात. त्यांचे अहवाल अजून येतात, आणि प्रत्येकाच्या वर पहिली ओळ असते: पाने मोजली, पूर्ण आहेत.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारनंतर दोनेक महिन्यांनी आलेल्या एका रविवारचं. सातव्या भागाची बैठक होती. काका आले होते, साहेबांची प्रत वाचून. मुलगा त्यांना गाडीवर सोडायला आला तो वर येऊन दाराशीच थांबला होता. साहेबांनी अहवाल सुरू केला, "राणीचा शेवटचा निर्णय: तिच्या स्वभावाशी जुळत नाही. रिजेक्ट."

"नाही अण्णा," काका म्हणाले. "तसं नाही ते. पुस्तक द्या इकडं."

साहेबांनी पुस्तक दिलं. काकांनी पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. एक पान झालं. दुसरं अर्धं झालं. साहेबांनी मध्येच हात वर केला, "सरी सरी, कळलं मला, साकु."

"साकु म्हणू नका, अण्णा," काका मान वर न करता म्हणाले. "अजून अर्धं पान आहे." आणि साहेब हात खाली घेऊन ऐकत बसले.